पाखरू पाहिले, पण पुरावा काय?

कळमनुरी तालुक्यात इसापूर धरणाच्या पाण्याकडेला किंवा कयाधूकाठच्या उसात हिरव्या पाठीची, लाल चोचीची, कुशीवर काळे-पांढरे पट्टे असलेली, चिमणीहून लहान पाखरे दिसली, तर ती हिरवी मुनिया असू शकते. फक्त भारतात राहणारा हा गाणारा पक्षी पिंजऱ्याच्या व्यापारापायी दुर्मीळ झाला आहे. तो दिसल्याचे सांगणाऱ्याला जाणकार आधी विचारतात, पुरावा काय? यात अपमान मानण्यासारखे काही नाही. खोट्या नोंदीने काय होते, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे.

रानपिंगळा हे लहानसे घुबड. १८८४ मध्ये डेव्हिडसन या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचा नमुना मिळवला. त्यानंतर पक्षी जणू गायबच झाला. पुढे कर्नल मायनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात एक नमुना निघाला. चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, गुजरात, १९१४. मोठ्या माणसाची चिठ्ठी, म्हणून सर्वांनी खरी मानली. पण पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा कळले की तो ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला डेव्हिडसनचाच जुना पक्षी! शिवण उसवून पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला. याच कर्नलने रेडपोल नावाच्या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या नमुन्यांतही अशीच लबाडी केली होती.

मांडवीची चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या गावांचा माग काढला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! त्यांनी त्याची छायाचित्रे आणि चित्रफीत घेतली, म्हणून कोणी शंका काढू शकले नाही. पुढे मेळघाटातही तो सापडला. (घुबडाला अपशकुनी म्हणून दगड मारणाऱ्यांच्या नेमापुढे तो टिकला, हेही नवलच.)

आपल्या घरातल्या मुलामुलींनी एक वही ठेवावी. तारीख, वेळ, शिवार, पाखरे किती, किती अंतरावरून पाहिली, उजेड कसा होता, ती काय खात होती, हे तिथेच उभे राहून लिहावे. पक्ष्यांचे पुस्तक नंतर उघडावे. आधी चित्र पाहिले की न दिसलेले पट्टेही दिसल्यासारखे वाटतात. जे दिसले नाही तेही लिहावे. मोबाईलवर फोटो अस्पष्ट आला तरी पुसू नये. आवाज भरून घ्यावा. शेपटीची पिसे झिजलेली आहेत का, माणसाला भीत नाही का, हेही पाहावे. पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी असा असू शकतो.

घरटे आढळल्यास जवळ जाऊ नये, आणि जागा चारचौघांत सांगू नये. पारधाची जाळी बातमीच्या मागोमाग येतात. पाखरे धरणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जाळे लावलेले दिसले तर वन खात्याच्या कार्यालयात लगेच कळवावे.