माळ्यावरच्या पेटीची पारख

नारायणगावहून पूर्वेला खोडदकडे निघालं की शेतांच्या मधूनच जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या डोकं वर काढतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एकूण तीस, त्यातल्या चौदा मधल्या चौकात आणि उरलेल्या दूरवर पसरलेल्या. या दुर्बिणीमुळे खोडदचं नाव जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. पण इथल्या आणि आसपासच्या गावांतल्या जुन्या घरांच्या माळ्यावर जे पडून आहे, त्याची नोंद कुणाकडे नाही. मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं की पत्र्याची पेटी खाली येते. आत पोथ्या, शाळेची पुस्तकं, दिवाळी अंक, कसरीनं खाल्लेल्या चोपड्या. मग घरात एकच प्रश्न निघतो, याचं काय येईल?

दारात पहिला येतो भंगारवाला. त्याचा भाव किलोवर असतो आणि त्यात त्याची काही चूक नाही, कागदाचा भाव तसाच ठरतो. पण काट्यावर जाड गुळगुळीत अंक भारी ठरतो आणि सोळा पानांची चोपडी वजनातही येत नाही. पारख करणाऱ्याचा हिशेब बहुतेक वेळा नेमका याच्या उलट निघतो.

पारख करणारा माणूस पुस्तक हातात घेतल्यावर आधी मुखपृष्ठ पाहत नाही. तो आतलं नावाचं पान आणि त्याची मागची बाजू पाहतो. छापखाना कुठला, गाव कुठलं, आवृत्ती कितवी, साल कोणतं. शके १८०९ दिसलं की ७८ मिळवायचे, म्हणजे १८८७. मग अक्षर शिळाप्रेसचं की खिळ्याचं, हे पाहायचं. शिळाप्रेसवर हातानं लिहिलेलं उमटतं, त्यामुळे ओळींत हाताचं वळण राहतं. खिळ्यांत एकच अक्षर पुन्हा पुन्हा तंतोतंत येतं. त्यानंतर पानं मोजायची, नकाशे आणि चित्रं जागेवर आहेत का ते बघायचं, शिवण ढिली आहे का ते चाचपायचं. केतकरांच्या ज्ञानकोशासारखा तेवीस खंडांचा संच असेल तर एक खंड गायब असला तरी किंमत एकदम कोसळते, कारण नेमका तोच खंड वेगळा शोधून मिळणं कठीण.

वयाबद्दलचा भ्रम सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट. शंभर वर्षांची पोथी म्हणजे लाखाचा माल, असं पुष्कळ घरांत मानलं जातं. पण शिवलीलामृत, हरिविजय, पांडवप्रताप या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या अमाप छापल्या गेल्या आणि घरोघरी जपल्याही गेल्या. त्या जुन्या आहेत, दुर्मिळ नाहीत. आजीच्या हळदीची बोटं उमटलेली प्रत घरासाठी अमोल असते, पण बाजाराला त्याचा पत्ता नसतो. तुकोबांच्या गाथेचं पाहा. विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली संपादलेली गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत निघाली. पुढे शासनानं १९५० मध्ये आणि नंतर १९७३ मध्ये गाथा पुन्हा छापली. वारकऱ्याच्या नित्यपाठाला ही शासकीय प्रत पुरेशी आहे. अभ्यासकाला आणि संग्राहकाला मात्र इंदुप्रकाशची हवी असते. गाथा तीच, पण मागणारा वेगळा.

मला तर वाटतं की खोडदच्या या जुन्नर तालुक्यात खरं धन पातळ कागदात असणार. जुन्नरचा सत्यशोधक चळवळीशी जवळचा संबंध होता. ओतूरला १८८० च्या दशकात बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीवाचून लग्नं लावली, तेव्हा पुरोहितांनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा लावला आणि जोतीराव फुले पाटलांच्या पाठीशी उभे राहिले. अशा विधींसाठी फुल्यांचं ‘सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधी’ हे छोटं पुस्तक १८८७ मध्ये निघालं. अशी पुस्तकं कुणी कपाटात मिरवण्यासाठी घेत नसे. ती लग्नमांडवात वापरली गेली, हातोहात फिरली, भिजली, फाटली. चळवळीच्या ‘दीनबंधु’ पत्राचे अंकही वाचून झाल्यावर पुडीला गेले असतील. म्हणून त्या काळची एखादी प्रत या भागातल्या पेटीत निघाली, तर सोनेरी अक्षरांच्या जाड ग्रंथांपेक्षा ती मोलाची. नारायणगावच्या तमाशाच्या हँडबिलांचं आणि वगांच्या चोपड्यांचंही तसंच. ज्याला प्रतिष्ठा होती ते ग्रंथालयांनी ठेवलं. ज्याला नव्हती ते संपलं, आणि संपलं म्हणूनच आज शोधलं जातं.

दुर्मिळ म्हणजे किती, हे ठरवायला आधार आहेत. १८६७ मध्ये छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. त्याआधीच्या मराठी छापील पुस्तकांना जाणकार दोलामुद्रितं म्हणतात, मुद्रण पाळण्यात होतं तेव्हाची. त्या काळातलं काही हाती लागलं तर सरळ थांबायचं आणि जाणत्याला दाखवायचं. शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० ते १९३७ आणि मग १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा माग देते. तिच्यात एखादं पुस्तक सापडलंच नाही, तर अंगावर काटा यायला हवा.

पुनर्मुद्रणानं काय होतं, हे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशावरून कळतं. पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७. पुण्यात १९७५ मध्ये तिचं पुनर्मुद्रण झालं, आणि आता तो कोश इंटरनेटवर फुकट शोधता येतो. शब्दाचा अर्थ पाहणारं गिऱ्हाईक त्यामुळे जुन्या प्रतीकडे वळत नाही. उरतो फक्त १८५७ चा कागद हवा असलेला माणूस. असे मोजकेच, पण तेच किंमत देतात.

इंटरनेटवर लावलेल्या आकड्यांनी फसू नये. एखाद्यानं पुस्तकाला पन्नास हजार मागितले, म्हणजे ते तेवढ्याला गेलं असं नव्हे. वर्षानुवर्षं ते तिथेच पडलेलं असतं. पाहायची ती प्रत्यक्ष विक्रीची किंमत. आणि पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदारानं तिच्या बऱ्याच खालचा आकडा सांगितला तर चिडू नये. पुस्तक त्याच्या फळीवर किती काळ बसेल ते त्यालाही माहीत नसतं, आणि भाडं दर महिन्याला द्यावं लागतं.

किंमत आणि मोल किती दुरावू शकतात, याचं मला अस्वस्थ करणारं उदाहरण बाबासाहेब आंबेडकरांचं आहे. शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी ग्रंथ जमवले होते. १९१७ मध्ये ते भारतात परतताना सामान दुसऱ्या बोटीनं पाठवलं होतं, आणि ती बोट टॉर्पेडोनं बुडाली. सामान पाठवणाऱ्या कंपनीनं भरपाई दिली ६०० रुपये. व्यवहार म्हणून हिशेब चुकता झाला. ती पुस्तकं मात्र त्या रकमेत परत मिळणार नव्हती.

जुन्या गोष्टीला मोल येतं ते नव्या प्रश्नानं. खोडदच्या दुर्बिणीची निरीक्षणं संग्रहात ठेवली जातात आणि ठरावीक मुदतीनंतर दुसऱ्या संशोधकांना खुली होतात, कारण पहिल्यानं जे पाहिलंच नाही ते दुसऱ्याला त्याच नोंदीत दिसू शकतं. पंचांगं, सावकाराच्या वह्या, शेतीची पत्रकं यांचंही असंच आहे. दुष्काळ, दर, जमिनीची मालकी यांचा अभ्यास करणाऱ्याला त्यांत माल सापडतो.

म्हणून पेटी उघडली की काय करावं? फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, तिचा डिंक कागद खातो. उन्हात वाळवू नये. नावाच्या पानाचे आणि मागच्या बाजूचे फोटो घ्यावेत. मोडी कागद किंवा हस्तलिखित निघालं तर विकायच्या आधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा भांडारकर संस्थेत चौकशी करावी. इतिहासकार राजवाड्यांनी १९१० मध्ये मंडळ उभं केलं ते असल्याच कागदांसाठी. शिवाय १९७२ चा पुरावस्तू कायदा ७५ वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना लागू होतो. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि ती परदेशी पाठवता येत नाहीत. उरलेलं, म्हणजे पेटीतला बराचसा भाग, खुशाल गावच्या वाचनालयाला द्यावा. भंगारवाल्याला बोलवायचं ते त्यानंतर.