५० अधिक २० म्हणजे ५०२०?

पायथन ही संगणकाला काम सांगायची भाषा. मुंबईत पवईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ आहेत, त्यांत ती फुकट शिकता येते. बचत गटाचा हिशोब तिच्यात मांडाल, तेव्हा एक ठेच सांभाळा. ‘इनपुट’ने विचारून घेतलेली रक्कम तिला अक्षरं वाटते, आकडा नव्हे. एकीचे ५० आणि दुसरीचे २० मिळवायला सांगा, ती दोन्ही शेजारी ठेवून ५०२० दाखवते. चुकलं असं म्हणतही नाही! म्हणून प्रत्येक रक्कम आधी ‘इंट’ला द्यायची, मग ७० येतात. गंमत म्हणजे आकडे देवनागरीत टाइप केले तरी ‘इंट’ला कळतात. ५०.५० दिले की मात्र तो अडून बसतो, एरर दाखवतो. ते परवडलं, निदान कळतं तरी. तिथे ‘फ्लोट’ वापरा.