फवारणीच्या औषधाचे नाव फोडताना

कपाशीवर फवारायचे औषध आणले की खोक्यातून घडी घातलेले माहितीपत्रक निघते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ते बहुधा बांधावरच पडून राहते. नववीच्या इंग्रजीच्या तासाला मी ते घेऊन जातो. बाटली मात्र वर्गात आणू देत नाही.

फळ्यावर 'इन्सेक्टिसाइड' लिहिले की मुले आधी टाळ्या वाजवत उच्चार तोडतात: इन्-सेक्-टि-साइड. वाचायला एवढे पुरते, अर्थ मात्र हाती लागत नाही. 'इन्सेक्ट'चा शेवटचा 'टी' पुढच्या टाळीत निघून गेलेला असतो. अर्थासाठी घाव दुसरीकडे घालावा लागतो: इन्सेक्ट, सांधणारा 'आय' आणि साइड. साइड लॅटिनमधून आलेले, म्हणजे मारणारे. शेजारी 'कीटकनाशक' लिहून त्याचा विग्रह केला की दोन्ही शब्दांची ठेवण सारखीच दिसते. मग फंगिसाइड, हर्बिसाइड मुलेच सोडवतात. एक मुलगी म्हणाली, "सर, सुसाइडमंदीबी थेच हाय." तेच आहे, सुरुवातीचे 'सुइ' म्हणजे स्वतःला. या जिल्ह्यात तो शब्द कुणाला शिकवावा लागत नाही.

त्यानंतर मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशकाचे नाव. लांब असले तरी आपल्या मुलांना अवघड जात नाही, अक्षर अक्षर सुटे होते. लक्ष द्यायचे ते शेपटाकडे. 'फॉस' म्हणजे आत फॉस्फरस. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांनाही तेच शेपूट; स्पेलिंगमध्ये कुठे 'पीएच', कुठे 'एफ', कानाला एकच. ही सारी ऑर्गनोफॉस्फेट गटातली. ती शरीरातले ॲसिटिलकोलिनेस्टरेज अडवतात. हा शब्दही फोडावा: ॲसिटिल, कोलिन, एस्टर, एज. शेवटी 'एज' दिसले की ते विकर. ते अडले की मज्जातंतूंचे संदेश थांबत नाहीत. घाम आणि लाळ सुटते, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. डॉक्टर ॲट्रोपीन देतात.

2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पोचली. तेव्हापासून हा धडा मला पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही धड्याइतकाच गरजेचा वाटतो.

इमिडाक्लोप्रिड या दुसऱ्या कीटकनाशकाच्या नावात मात्र 'फॉस' नाही. त्याचे विष वेगळ्या वाटेने चढते, उपचारही वेगळे. म्हणून फवारणीनंतर कुणाला मळमळले, घाम फुटला, डोळ्यांपुढे धूसर झाले, तर दवाखान्यात नेताना ती बाटली किंवा माहितीपत्रक आठवणीने सोबत घ्या.