दोन तबकड्या, दोन किल्ल्या

तंजावर येथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा व मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. सरफोजी राजे दुसरे (१७९८–१८३२) ह्यांनी तो विशेष वाढविला. ताडपत्रास कीड लागते, कागद जीर्ण होतो. म्हणून मोलाच्या ग्रंथाची दुसरी प्रत करून ठेवणे ही जुनीच रीत होय.

आज अशा हस्तलिखितांची छायाचित्रे संगणकात साठविता येतात. तंजावरच्या एखाद्या अभ्यासकाचा लिनक्सवर चालणारा संगणक घेऊ. त्यात दोन तबकड्या आहेत. एकीवर जे लिहिले जाते तेच लिनक्स दुसरीवरही लिहिते. ह्या योजनेस ‘रेड-१’ म्हणतात. एक तबकडी निकामी झाली तरी दुसरीवर सर्व मजकूर शाबूत राहतो. असे असूनही कित्येकदा संगणक सुरूच होत नाही. ह्याचे कारण काय?

कळ दाबली जाते तेव्हा लिनक्स अद्याप जागे झालेले नसते. त्यास जागे करणारा लहानसा कार्यक्रम म्हणजे बूटलोडर. जुन्या धर्तीच्या संगणकात तबकडीचा पहिला ५१२ बाइटांचा खंड प्रथम वाचला जातो. त्यात आज्ञांना केवळ ४४६ बाइट मिळतात. हा खंड बहुधा रेडच्या कक्षेबाहेर असतो, म्हणून त्याची दुसरी प्रत आपोआप होत नाही. खजिना दोन ठिकाणी, किल्ली मात्र एकाच ठिकाणी, अशी ही अवस्था होय.

मग बूटलोडर कोणता निवडावा? ‘लिलो’ कर्नलची तबकडीवरील जागा तेवढी टिपून ठेवीत असे. कर्नल बदलला की तो पुन्हा बसवावा लागे. त्याचा विकास २०१५ साली थांबला. ‘ग्रब’ला रेडची रचना स्वतः वाचता येते, म्हणून येथे तोच सोयीचा. मात्र तो दोन्ही तबकड्यांवर बसविला पाहिजे. यूईएफआय पद्धतीच्या नव्या संगणकात बूटलोडरसाठी स्वतंत्र विभाग असतो. यूईएफआयला लिनक्सचे रेड कळत नाही. तेव्हा तो विभाग प्रत्येक तबकडीवर करून त्यातील मजकूर सारखा ठेवावा.

शेवटी परीक्षा घ्यावी. संगणक बंद करून एक तबकडी काढावी व तो सुरू होतो की नाही ते पाहावे. ती परत जोडल्यावर दोन्ही तबकड्या पूर्णपणे जुळेपर्यंत दुसरीस हात लावू नये. त्यानंतर तिचीही तशीच परीक्षा घ्यावी. बिघडलेल्या तबकडीच्या जागी नवी बसविली, की तिच्यावरही बूटलोडर बसविण्यास विसरू नये. प्रत जपली, पण ती उघडण्याचे साधन जपले नाही, तर ती असून नसल्यासारखीच होय.