कात्रप ते कुठेही

बदलापूर पूर्वेच्या कात्रपमधल्या माणसाला स्वतःच्या मोटारीवाचून कसं हिंडायचं हे शिकवावं लागत नाही. नाक्यावर शेअर रिक्षा पकडायची, बदलापूर स्टेशनला उतरून लोकल गाठायची आणि पुढे ठाणे, दादर, पुणे, कोकण, वाट फुटेल तिकडे जायचं. तरीही इथल्याच एखाद्या घरात इटलीची सहल ठरू लागली की हमखास प्रश्न येतो, “तिकडे गाडी भाड्याने घ्यावी लागेल ना?” बहुतेक ठिकाणी लागत नाही. ज्या अंगवळणी पडलेल्या कौशल्यावर इटली रेल्वे-बसने बघून होते, ते कौशल्य कात्रपकर रोज सकाळी घराबाहेर पडताना वापरतो. म्हणून आधी आपल्याच दारातल्या या व्यवस्थेची नीट ओळख करून घेऊ.

या व्यवस्थेचा सगळा जीव जोडात आहे. लोकल किती वेगाने पळते, रिक्षा किती आरामशीर आहे, हे प्रश्न दुय्यम. एक वाहन सोडल्यावर दुसरं किती वेळात मिळतं आणि ते मिळेलच याची खात्री किती, यावर सार्वजनिक प्रवास तरतो किंवा बुडतो.

तीनचाकी दुवा

संध्याकाळी बदलापूर पूर्वेला लोकल रिकामी झाली की पुलावरून माणसांचा लोंढा खाली उतरतो आणि “कात्रप, कात्रप, एक सीट” अशी हाक ऐकू येते. काळी-पिवळी रिक्षा, मागे तिघं. “ताई, जरा आत सरकून घ्या,” म्हणत तिसरा बसतो आणि रिक्षा निघते. मागच्या सीटवरून सुटे पैसे हातोहात पुढे सरकतात. आता बहुतेक ठिकाणी चालकाच्या पाठीमागे चिकटवलेल्या क्यूआर कोडवर पैसे जातात. “दादा, इथेच सोडा” म्हटलं की रिक्षा थांबते. जागा रिकामी झालीच, तर वाटेत हात करणाऱ्याला ती मिळते.

शेअर रिक्षाला वेळापत्रक नसतं. भरली की निघायचं, एवढाच तिचा नियम. पण तो नियम लोकलच्या वेळापत्रकाला बरोबर बसतो. गाडी आली की माणसं येतात, माणसं आली की रिक्षा भरतात, भरल्या की सुटतात आणि पुढच्या गाडीच्या माणसांसाठी परततात. गर्दीच्या वेळी फेऱ्या आपोआप वाढतात, दुपारी आपोआप कमी होतात. मुरलेल्या रिक्षाचालकाला लोकलच्या वेळा तोंडपाठ असतात. गाडी लेट आहे हे स्टँडवर उभ्या असलेल्या त्याला अनेकदा प्रवाशांच्याही आधी कळतं. पालिकेने न आखलेली, कुठल्याही नकाशावर न छापलेली ही पूरक सेवा नसती, तर स्टेशनापासून लांब वाढत गेलेल्या या वसाहतींत लोकलच्या भरवशावर घर घेण्याचं धाडस फार थोड्यांनी केलं असतं.

सव्वाशे नव्हे, पावणेदोनशे वर्षांचा रस्ता

बदलापूरवरून जाणारा लोहमार्ग देशातल्या अगदी पहिल्या मार्गांपैकी आहे. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले आणि १८५६ मध्ये बदलापूर, नेरळवरून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत गेले. पुढे सह्याद्री आडवा. पलीकडे खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्ये सुरू झाली, पण मधला बोरघाट १८६३ पर्यंत रेल्वेने जोडलेला नव्हता. त्या काळात मुंबईहून पुण्याला निघालेला उतारू खोपोलीला गाडी सोडायचा, पालखी, तट्टू किंवा मिळेल त्या वाहनाने घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसरी गाडी धरायचा. दोन रेल्वेमार्गांमधला तो अवघड टप्पा माणसांनीच जोडून घेतला होता.

हा घाट बांधणं सोपं नव्हतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी मार्ग आखला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवलं. हजारो मजूर राबले, त्यांतले कितीतरी रोगराईत आणि अपघातांत गेले. १ : ३७ असा तो चढ. आजही पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडली जातात आणि ती गाडीला घाटावर ढकलत नेतात. योगायोग असा की इटलीत अपेनाइन पर्वत ओलांडून बोलोन्याला पिस्तोयाशी जोडणारा ‘पोरेत्ताना’ मार्ग लगेच पुढच्या वर्षी, १८६४ मध्ये सुरू झाला. दोन्हीकडे डोंगर फोडून त्याच्या दोन बाजू एकत्र आणल्या गेल्या.

आज बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. फलाटावरचा इंडिकेटर वाचणं हे इथलं प्राथमिक शिक्षण. ‘बीएल’ म्हणजे बदलापूर, ‘ए’ म्हणजे अंबरनाथ, ‘के’ कल्याण, ‘एन’ कसारा, ‘एस’ कर्जत. शिवाय फास्ट की स्लो, डबे बारा की पंधरा, लेडीज डबा कुठे येणार, पुलाचा जिना कुठल्या डब्यासमोर पडतो, हे सगळं प्रवाशाच्या डोक्यात असतं. बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत जागा मिळण्याची आशा असते; कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी भरूनच येते. म्हणून अंबरनाथचे काही प्रवासी आधी उलट दिशेने बदलापूरला येतात आणि तीच गाडी मुंबईकडे निघताना बसलेले असतात. याला ‘डाऊन करणं’ म्हणतात. बसल्यावर समोरचा उभा प्रवासी विचारतो, “कुठे उतरणार?” उत्तर मिळालं की त्या सीटचा पुढचा मालक ठरतो. लिखित कायदा नाही, पण हा शब्द सहसा मोडला जात नाही.

सुट्टीच्या दिवशी

हीच साखळी रविवारी सहलीला लावली की तिचं खरं वैभव दिसतं. एका स्टेशनाच्या अंतरावर अंबरनाथ. तिथून रिक्षाने थोड्याच वेळात वालधुनीकाठचं शिवमंदिर. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० ही नोंद आहे. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं हे भूमिज शैलीतलं देऊळ बघायला जगभरातून अभ्यासक येतात; आपल्याला त्यासाठी अर्धा दिवस पुरतो.

दुसऱ्या दिशेला वांगणी, शेलू आणि मग नेरळ. तिथून माथेरान. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाच्या पैशांतून १९०७ मध्ये सुरू झालेली दोन फुटी गेजची छोटी गाडी सुमारे २१ किलोमीटर वळणं घेत वर जाते. वेळ नसेल तर नेरळहून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका गाठायचा. तिथे मात्र श्रीमंताची मोटारही थांबते, कारण माथेरानात पर्यटकांच्या मोटारींना बंदी आहे. पुढे पायी किंवा अमन लॉजहून शटल गाडीने. मोटार घेऊन आलेला आणि लोकलने आलेला दस्तुरीला एकाच पातळीवर येतात, फरक इतकाच की एकाला पार्किंगची चिंता आहे.

कर्जतला उतरलं की स्टेशनाबाहेरून आंबिवली, खांडसच्या दिशेने एसटी मिळते. ट्रेकर मंडळींचा पेठचा किल्ला आणि भीमाशंकरची घाटवाट या एसटीवर अवलंबून. शेवटची एसटी किती वाजता आणि वस्तीची गाडी कुठल्या गावाला, ही चौकशी चढण्याआधी करायची असते. पुण्यासाठी कल्याणला सिंहगड किंवा इंद्रायणी. नाशिकसाठी कल्याणलाच पंचवटी. कोकणातल्या लहानशा गावी जायचं तर पहाटेची लोकल धरून दिवा आणि तिथून सावंतवाडीची गाडी. लांबवर भटकायचं असेल तर एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना आहे, चार किंवा सात दिवसांचा एकच पास. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली बस सोडणाऱ्या या सेवेत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं भाडं आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. युरोपात पर्यटक ज्या रेल्वे-पासचं कौतुक करतात, त्याचं मराठी भावंड आपल्या स्टँडवर कधीपासून मिळतंय.

आता इटली

इटलीत १८३९ मध्ये नापोली ते पोर्तिची पहिली गाडी धावली. आज तिथल्या रेल्वेचे दोन थर प्रवाशाने वेगळे ओळखायचे. पहिला वेगवान गाड्यांचा. सरकारी ‘फ्रेचारोसा’ आणि २०१२ पासून तिच्याशी स्पर्धा करणारी खासगी ‘इतालो’ या ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावतात. मिलान ते रोम साधारण तीन तास, रोम ते फ्लोरेन्स दीड तास. यांत आसन आरक्षित असतं आणि भाडं विमानासारखं बदलतं. महिना-दोन महिने आधी तिकीट काढलं तर खूप स्वस्त पडतं.

दुसरा थर ‘रेजोनाले’चा, आणि तो कात्रपकराच्या ओळखीचा आहे. भाडं ठरलेलं, आरक्षण नाही, जागा मिळेल तिथे बसायचं. एकच नवी सवय लावून घ्यायची. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्यावी लागते. मोबाइलवर घेतलेल्या तिकिटालाही प्रवासाआधी ऑनलाइन चेक-इन करावं लागतं. हे राहिलं तर तिकीट खिशात असूनही दंड बसतो.

याच साध्या गाडीने ला स्पेत्सिया ते लेवांतो या मार्गावर ‘चिंक्वे तेर्रे’ची पाच गावं बघून होतात. समुद्राला चिकटून डोंगर, डोंगरात बोगदे आणि दोन बोगद्यांच्या मधे गाव. तिथे मोटार नेणाऱ्याचा वेळ जागा शोधण्यात जातो. व्हेनिसचं तर माथेरानशी नातंच आहे. मोटार पियात्साले रोमाला ठेवावी लागते, पुढे पाय किंवा ‘व्हापोरेत्तो’ नावाची प्रवासी बोट. रेल्वे मात्र थेट ग्रँड कॅनॉलच्या काठावर उतरवते. नापोलीहून ‘चिर्कुमव्हेझुव्हियाना’ ही गर्दीची उपनगरी गाडी पॉम्पेईवरून सोरेंतोला नेते. मुंबईकराला तिथली गर्दी ओळखीची वाटेल, खिसा सांभाळण्याची सवयही कामी येईल. आणि सिसिलीला जाणाऱ्या लांबच्या गाड्या मेसिनाच्या सामुद्रधुनीवर चक्क जहाजात चढवतात. डबे रुळांवरून जहाजाच्या पोटात शिरतात आणि पलीकडे उतरून पुढे निघतात. खोपोली-खंडाळ्याच्या पालखीचं काम तिथे जहाज करतं.

मोटारीचा हिशोबही मांडावा. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना लागतो. महामार्गावर टोल. आणि जुन्या शहरांच्या गाभ्यात ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. तिथे परवानगीशिवाय शिरलं की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस सहलीनंतर कित्येक महिन्यांनी घरी येऊ शकते. रोम, फ्लोरेन्स, मिलान या शहरांत मोटार म्हणजे गळ्यात लोढणं.

मोटार कामाला येते ती तस्कनीच्या टेकड्यांवरच्या खेड्यांत, सिसिलीच्या अंतर्भागात. तिथे बस दिवसातून मोजक्या असतात. वेळापत्रकावर ‘फेरियाले’ लिहिलं असेल तर ती फेरी कामाच्या दिवसांची, ‘फेस्तिवो’ असेल तर रविवार-सुट्टीची. शाळा बंद असताना काही फेऱ्या धावतच नाहीत. अशा एखाद्या दिवसापुरती मोटार घ्यावी आणि परत करावी. संपाचं इटालियन नाव ‘शोपेरो’. तो आधी जाहीर होतो आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९, संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या कायद्याने चालवाव्याच लागतात. शेवटची एसटी विचारून मगच किल्ला चढणाऱ्याला यात नवीन काय आहे?

जोड मजबूत हवेत

आपल्या व्यवस्थेचं कौतुक करताना तिची किंमत विसरून चालणार नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी पडले आणि त्यांतले काही जिवाला मुकले. कामाला निघालेली माणसं होती ती. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेसला वेढलं. हजाराच्या आसपास प्रवासी बोटींनी सुखरूप बाहेर काढले गेले, आसपासचे गावकरीही मदतीला धावले. त्याच पावसाळ्यात नेरळ-माथेरान मार्ग वाहून गेला आणि गाडी नेरळहून पुन्हा सुटली ती २२ ऑक्टोबर २०२२ ला. दार धरून लटकणं आणि पावसाळ्यात अडकून पडणं हे प्रवाशाचं नशीब म्हणून मान्य करायचं नसतं.

कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका लवकर पूर्ण व्हायला हवी, म्हणजे लोकल आणि लांबच्या गाड्यांना एकमेकींसाठी खोळंबावं लागणार नाही. स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेला छप्पर आणि ठरलेल्या भाड्याचा फलक हवा. कर्जत आणि नेरळच्या फलाटांवर एसटीच्या वेळा लिहिलेल्या हव्यात, कारण गाडीतून उतरणाऱ्याला त्या तिथेच लागतात. या गोष्टींना बोगदे खणावे लागत नाहीत. रेल्वे, एसटी, पालिका आणि रिक्षा संघटना यांनी एका टेबलावर बसायचं आहे.

इटलीला निघालेल्या कात्रपकराने तिथली मोटार बिनधास्त रद्द करावी, फक्त प्रत्येक टप्प्यावर “पुढची गाडी किती वाजता आणि ती चुकली तर कोणती?” हा नेहमीचा प्रश्न विचारावा. परत आल्यावर हाच प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींनाही विचारावा. रात्री उशिराच्या लोकलने उतरलेल्या बाईला घरापर्यंत वाहन मिळेल याची खात्री जिथे असते, तिथे मोटार ही गरज राहत नाही, हौस होते. ती खात्री कात्रपने आजवर स्वतःच्या हिकमतीवर उभी केली. आता ती व्यवस्थेने द्यायला हवी.