वाल, शाडू आणि काळी वाळू

अलिबाग-पेण भागात भात कापून झालं की शेतातल्या ओलीवर वाल येतो, आणि वाळलेल्या वालाचा डबा वर्षभर घरात असतो. जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, पावसाने अंगण बंद होतं आणि घरातलं साडेतीन-चार वर्षांचं मूल सकाळी दहालाच ‘आता काय करू?’ म्हणून मागे लागतं. अशा वेळी मोबाइल हातात देण्याआधी हा डबा काढून पाहावा.

मूठभर कडवे वाल ताटलीत ओता. प्रत्येक दाण्याच्या कडेला पांढरी रेघ असते, ती मुलाला शोधू द्या. दाणा शेंगेला जोडलेला होता तो तिथेच. मग वाल पाण्यात घाला आणि थोड्या थोड्या वेळाने डोकावत राहा. दाणा फुगण्याआधी त्याला सुरकुत्या पडतात. साल पाणी पिऊन लगेच पसरते, आतली डाळ मात्र सावकाश फुगते, आणि ती फुगली की साल पुन्हा ताणून बसते. हे कारण त्या वयाला सांगायची घाई नको. सुरकुत्या आधी आल्या की दाणा आधी मोठा झाला, एवढं मुलाच्या नजरेने टिपलं तरी पुष्कळ.

रात्रभर भिजलेले वाल फडक्यात बांधले की मोड येतात. बिरड्यासाठी ते कोमट पाण्यात टाकून सोलायचे असतात, आणि या कामाला लहान मुलासारखा मदतनीस नाही. अंगठा आणि तर्जनीत दाणा धरून दाबला की डाळिंबी सटकन बाहेर येते. जोर कमी पडला तर साल सुटत नाही, जास्त झाला तर डाळिंबी उडून ओट्याखाली जाते. किती जोर लावायचा हे बोटं स्वतःच्या चुकांवरून शिकत जातात. पुढे पेन्सिल धरायला, शर्टाचं बटण लावायला लागणारी पकड हीच आहे. बाजारातल्या महागड्या ‘शैक्षणिक’ खेळण्यांपेक्षा मला हे सोलणं कितीतरी मोलाचं वाटतं, कारण संध्याकाळी ताटात बिरडं येतं आणि त्यात आपला हात होता हे मुलाला ठाऊक असतं.

पण हे सगळं मोठ्या माणसाने शेजारी बसून करायचं. मुलं दाणे नाकात घालतात, आणि वाल ओलाव्याने फुगतो हे आपण आत्ताच पाहिलं. नाकातही तो तसाच फुगतो. अशा वेळी घरी चिमटा घेऊन खटपट न करता डॉक्टरांकडे जावं. कच्चे वाल खाऊ देऊ नयेत, ते विषारी ठरू शकतात. तीन वर्षांखालच्या मुलांना हा खेळ नकोच.

चार-पाच मोडाचे दाणे मागे ठेवा. काचेच्या पेल्यात ओला कापूस भरून काच आणि कापूस यांच्यामध्ये ते आडवे, उलटे, कसेही खोचा. मूळ कुठूनही निघालं तरी शेवटी खालीच वळतं. ते चांगलं लांब झालं की पेला आडवा करून ठेवा. दुसऱ्या दिवसापर्यंत टोक पुन्हा जमिनीकडे वळलेलं दिसेल. मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. ते खाली बसतात त्यावरून मुळाला दिशा कळते. अंधाऱ्या कपाटात ठेवलात तरी मूळ खालीच जाईल, तेही करून पाहा.

पावसाळ्यात पेण, हमरापूर, जोह्यातल्या कारखान्यांत गणपतीचं काम जोरात असतं. तिकडून शाडूचा गोळा मिळाला तर उत्तमच. त्याचे दोन सारखे गोळे करा, दोन्ही सारखे असल्याचं मुलाकडून कबूल करून घ्या आणि त्याच्यासमोर एकाची लांब वळी वळा. आता माती कशात जास्त? चार वर्षांचं मूल बहुधा वळीकडे बोट दाखवतं. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी असे प्रयोग मुलांवर करून दाखवलं की आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते. म्हणून ‘चुकलास’ म्हणू नका. ‘तुला असं का वाटलं?’ असं विचारा आणि उत्तर शेवटपर्यंत ऐका.

घरातल्या, परिसरातल्या वस्तूंवर असा विश्वास ठेवणारी मोठी परंपरा याच कोकणपट्टीवर, उत्तरेला आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं; अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. माँटेसोरीची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं हाताशी घेतली आणि अंगणातच बालवाडी भरवली. आजच्या ‘अंगणवाडी’चं मूळ त्या कामात आहे.

मे महिन्यात किनाऱ्यावरून आणलेली काळसर वाळू घरात असेल तर ती सुकवून ताटात पसरा. एक मोठा लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून फिरवा. छोटे चुंबक नकोत. ते गिळले गेले तर आतड्याला इजा होते. काळे कण पिशवीला चिकटतील आणि चुंबक बाहेर काढला की झरझर गळतील. हे बहुतेक मॅग्नेटाइटचे कण. सह्याद्रीच्या लाव्हाच्या खडकातून सुटून नद्यांनी ते समुद्राला दिले. चुंबकाचाच विषय निघाला तर याच भागात अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या, त्यामुळे 1904 मध्ये नोंदींचं हे काम नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला आलं.

ताटात उरलेल्या वाळूतले पांढरे तुकडे बहुधा शिंपल्यांचे असतात. त्यांच्यावर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे येतात. दगडाच्या कणांवर तसे येत नाहीत. मूल पुन्हा पुन्हा पिळायला मागेल, तेव्हा एक लिंबू जास्तीचं कापून ठेवा.