वचन आणि वहिवाट – लेखांक ६ : केडगावातला याकोब

गेल्या आठवड्यात याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय आपण आरशाच्या दाखल्यापाशी सोडला होता. वचन ऐकायचं आणि उठून आपल्या वाटेने जायचं, हे या माणसाला अजिबात खपत नाही. पाच अध्याय, १०८ वचनं आणि त्यांत पन्नासच्या आसपास आज्ञा. पौलासारखा तो एकेक पायरी बांधत सिद्धांत चढवत नाही. दारात उभं राहून कामं सांगणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यासारखा बोलतो.

मार्टिन ल्यूथरला हे पत्र रुचलं नाही. १५२२ साली त्याने नव्या कराराचं जर्मन भाषांतर छापलं, तेव्हा प्रस्तावनेत या पत्राला त्याने गवताच्या काडीची किंमत दिली. त्याच्या वैतागाला कारण होतं. पुण्यकर्मांचा हिशेब आणि पापक्षमेच्या चिठ्ठ्यांची विक्री यांविरुद्ध तो उभा ठाकला होता, आणि इथे प्रेषितांच्या पिढीतलाच एक जण कृतीवाचून विश्वास मेलेला आहे असं बजावत होता. विरोधकांच्या हाती आयतं कोलीतच. पण याकोबाचा दुसरा अध्याय नीट पाहिला तर तिथे चालू आहे ती पुण्याच्या जमाखर्चाची चर्चा नव्हे. तिथे अंगावर धड वस्त्र नसलेला, त्या दिवसाच्या अन्नालाही महाग झालेला एक जण मंडळीसमोर उभा आहे आणि मंडळी त्याला गोड आशीर्वाद देऊन वाटेला लावते आहे. याकोब विचारतो, याचा उपयोग काय?

पहिल्या अध्यायाच्या शेवटी शुद्ध धर्माची जी व्याख्या आहे, तिला दोन अंगं आहेत. अनाथ आणि विधवांच्या संकटात त्यांच्याकडे जाणं हे एक, आणि जगाचा डाग स्वतःला लागू न देणं हे दुसरं. आपल्या मंडळ्यांनी यांची वाटणी करून टाकली आहे. पहिलं अंग महिला मंडळाकडे आणि नाताळच्या ब्लँकेट-वाटपाकडे गेलं. दुसरं रविवारच्या उपदेशाकडे राहिलं. एकाच वाक्यातली दोन अंगं एकाच आयुष्यात कशी नांदतात, हे पाहायला मराठी वाचकाला दूर जावं लागत नाही. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी केडगावला थांबते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट शाळेच्या पुस्तकात समाजसुधारक म्हणून येते आणि मंडळीत धर्मांतराची साक्ष म्हणून. मला ती वाचनाची गोष्ट वाटते. आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली. भाऊ श्रीनिवास कलकत्त्यापर्यंत पायी सोबत चालला, तोही १८८० साली गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत वैधव्य आलं. तेव्हा पदरात लहानगी मनोरमा होती आणि वय पंचविशीच्याही आत. याकोबाने ज्यांच्याकडे जा म्हणून सांगितलं, ती अनाथ आणि ती विधवा रमाबाई स्वतःच होत्या. हे पत्र त्यांच्या हाती पडलं तेव्हा त्या मदत करणाऱ्यांच्या रांगेत नव्हत्या, समोरच्या रांगेत होत्या. आपल्यापैकी बहुतेकांना तसं वाचता येत नाही.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या अँग्लिकन भगिनींकडे राहिल्या. भारतात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायची आणि स्वतः इंग्रजी शिकायची, असा बेत होता. भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलम इथलं आपलं काम दाखवलं. समाजाने टाकलेल्या, ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रिया तिथे माणसासारख्या वागवल्या जात होत्या. असल्या बायकांची दया तुम्हाला येते तरी कशी, असं रमाबाईंनी विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवरची शोमरोनी स्त्री आणि तिच्याशी बोलत बसलेला येशू. शास्त्रं तोंडपाठ असलेल्या या विदुषीला युक्तिवाद तिथे नवा मिळाला नाही. आधी काम दिसलं आणि त्या कामाचा उगम म्हणून मग पान उघडलं, हा क्रम मात्र नवा होता. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

आज अनेक घरांत वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून काढायचे तक्ते असतात. फोनवर टिचकी मारली की आजचा भाग झाला. वाचनाला शिस्त लागते, ते चांगलंच. पण आजचं काम झालं की नाही हे न विचारता तो तक्ता उद्याचं पान पुढे करतो, ही त्याची खोड. रमाबाईंच्या आयुष्यात योहानाचा चौथा अध्याय पंधरा-सोळा वर्षं उघडा राहिला. फुलममध्ये जे पाहिलं, त्याला जागून शतक संपता संपता केडगावात कृपासदन उभं राहिलं. इतर कुठेच दार न उघडणाऱ्या स्त्रियांसाठी.

आज्ञापालन म्हटलं की पुढचा प्रश्न येतो : कोणाच्या आज्ञेचं? वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन रमाबाईंच्या आत्मिक पालक होत्या. दोघींचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, आणि आज्ञापालनावर महाराष्ट्राशी नातं असलेलं याहून चुरशीचं पुस्तक मला माहीत नाही. जेराल्डीनबाईंचं म्हणणं असं, की नवख्या शिष्येने चर्चची शिकवण नम्रपणे स्वीकारावी. रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारत, अथनेशियसच्या मतांगिकाराला हरकत घेत, क्रुसावर लॅटिन अक्षरं का म्हणून विचारत आणि संस्कृत असावीत असं सुचवत. मांस-अंडी त्यांनी सोडलेलीच होती. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा ताठा दिसला. चेल्टनहॅममध्ये रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नको म्हणून कळवलं. रमाबाईंनी सुनावलं ते सौम्य नव्हतं. भटभिक्षुकांचं जोखड मानेवरून उतरवून इथवर आले, आता त्याच्या जागी दुसरं तसलंच जोखड घेणार नाही, देवाचं वचन आणि त्यापुढे उभी असलेली माझी सदसद्विवेकबुद्धी एवढं मला पुरे, असा त्या उत्तरांचा मथितार्थ.

इथे रमाबाईंची बाजू घेणं आपल्याला फार सोपं जातं, म्हणून जेराल्डीनबाईंसाठी दोन शब्द. सदसद्विवेकबुद्धी ही स्वतःच्या हट्टाला मिळालेलं भारदस्त नावही असू शकते, ही त्यांची भीती खोटी नव्हती. एकट्याने शास्त्र वाचणाऱ्याचा तोल जातो, याची उदाहरणं मंडळीच्या इतिहासात ढिगाने आहेत. फरक कशाने पडतो? माझ्या मते, त्या वाचनातून काय वाट्याला आलं यावरून. हट्टी माणसाला शास्त्रातून नेहमी स्वतःच्या सोयीचं सापडतं. रमाबाईंना सापडलं ते दर वेळी गैरसोयीचं होतं.

१८८९ साली मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झालं ते उच्चवर्णीय विधवांसाठी, बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या अटीवर. पहिल्या मुलींत गोदूबाई जोशी होत्या, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. सदन पुण्याला हललं आणि १८९३ साली वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. दार लावून घ्या, एवढंच लोकांचं मागणं होतं. त्यांनी ते लावलं नाही. ‘केसरी’ने झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. मुलींच्या आईबापांना फसवलं गेल्यासारखं वाटलं असेल, तर तेही समजण्यासारखं आहे. तटस्थ संस्थेच्या चालिकेची खोली कितपत खाजगी, याचं उत्तर करारात कुठून असणार? पण कर्व्यांच्या बाया हिंदूच राहिल्या आणि बाईंचे उपकार आयुष्यभर मानत राहिल्या, हेही त्या हिशेबात धरलं पाहिजे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. सरकारी मदत-छावण्यांत आणि अनाथगृहांत पोरक्या मुलींवर कुणाचा डोळा असे, हे त्यांनी पाहिलं. स्वतः उपाशी चाललेले दिवस आठवत होतेच. त्यांनी सुमारे ३०० मुली-बायका आणल्या. त्यांतल्या बहुतेक ‘उच्चवर्णीय विधवा’ या चौकटीत बसणाऱ्या नव्हत्या. बोस्टनचा पैसा या कामासाठी नव्हता, पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, एवढी माणसं शहरात ठेवायला परवानगी नव्हती. केडगावला फळझाडांसाठी घेतलेली जमीन होती. तिथे झोपड्या उभारल्या, विहिरी खणल्या. त्याची ‘मुक्ती’ झाली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला आणि तिथली संख्या २,००० च्या घरात गेली.

शारदा सदनात सोवळ्याओवळ्याची सोय होती; पंगतीचा प्रश्न येऊ नये म्हणून काळजी घेतली जाई. केडगावात उपासमारीने ती सोय मोडून काढली. याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला सभेत चांगली जागा आणि फाटक्या कपड्यांतल्याला पायाशी जागा देणाऱ्यांची खरडपट्टी आहे. रमाबाईंनी त्यावर व्याख्यान झोडलं असेल-नसेल, पण माणसं आणली आणि बसण्याची जागा आपोआप एक झाली.

मुक्तीतला दिवस प्रार्थनेने सुरू होई, आणि मग जो तो कामाला लागे. शाळा, शेती, गोठा, माग, तेलाचा घाणा, छापखाना. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवायला सुरुवात केली. १९०५ च्या उज्जीवनात इथल्या मुली मोठमोठ्याने रडत प्रार्थना करत, त्याच्या हकिगती देशोदेशी छापून आल्या. घाण्याची हकिगत कोणी छापली नाही. मला मात्र उज्जीवनापेक्षा घाण्याचं अप्रूप वाटतं : दोन हजार जणींचा स्वयंपाक रोज वेळेवर होणं, ज्या मुलीला घरच्यांनी ओझं मानलं तिच्या हातात एक धंदा येणं, ही आज्ञापालनाची न चमकणारी बाजू.

एक आक्षेप टाळून पुढे जाता येत नाही. उपाशी पोरांना जेवू घालून ख्रिस्ती केलं, असं तेव्हाही म्हटलं गेलं. प्रश्न रास्त आहे, कारण ज्याच्या हातून भाकर मिळते त्याला ‘नाही’ म्हणणं लहान मुलीला जड जातं. मुक्ती ही उघडउघड ख्रिस्ती संस्था होती, रमाबाईंनी ते लपवलं नाही. पण भाकरीला अट लावली तर याकोबाचा दुसरा अध्याय तिथेच मोडतो, कारण त्याने दारातल्या माणसाचा पंथ विचारलेलाच नाही. आजच्या ख्रिस्ती सेवासंस्थांनीही स्वतःला हेच माप लावायला हवं.

एका वाचकाने विचारलं होतं : म्हणजे कामं करून तारण मिळतं, असंच ना? ल्यूथरचाच प्रश्न. रमाबाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत एक कबुली दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळालेला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्या लिहितात. तारखा मांडून पाहा. १८८३ साली बाप्तिस्मा, १८८९ साली शारदा सदन, आणि त्यानंतर, १८९१ च्या सुमारास, आपल्या जमेला काहीच नाही हे उमगलेला क्षण. तोपर्यंत देशोदेशी नाव झालेलं होतं, संस्था उभी होती, ग्रंथ गाजला होता. इतकं करूनही हात रिकामे आहेत हे पटलं, आणि केडगाव त्यानंतर घडलं. ल्यूथरला यात आपला पौल दिसला असता. याकोबाला त्यानंतरचा दुष्काळ दिसला असता. भांडण मिटतं ते तर्काने नाही, एका बाईच्या आयुष्याच्या क्रमाने.

शेवटची पंधरा-सोळा वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. मूळ भाषांतून काम करायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. शेतातल्या बाईला समजेल अशी मराठी हवी, हा आग्रह होता. टाइप जुळवायला मुक्तीतल्याच मुली. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर आलं. विद्वानांत ते भाषांतर फारसं चाललं नाही.

पुढच्या आठवड्यात तिसरा अध्याय, जिभेचा. त्याआधी पाचव्या अध्यायातलं चौथं वचन एकदा वाचून ठेवा; शेतमजुरांच्या अडवलेल्या मजुरीबद्दल आहे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात तर मजुरी रात्रभरही आपल्याकडे ठेवू नये असं आहे. घरकामाच्या मावशींचे खाड्यांचे पैसे कापणाऱ्या ख्रिस्ती घरांकडून यावर पत्रं आली तर ती इथे चर्चेला घेईन, नावं न छापता. १८९३ चा वर्तमानपत्री वादही तिसऱ्या अध्यायाच्या निमित्ताने पुन्हा काढावा लागेल. त्या वर्षी पुण्यात जिभा कशा सुटल्या होत्या, ते पाहण्यासारखं आहे.